तेराशे साठवरची आजाऱ्यांची नावं

डनबार बेंड, अलाबामा
६ फेब्रुवारी १९७८

प्रिय लाँझो,

नाताळचं कार्ड मिळालं. त्यात तुझं म्हणून फक्त सही होती, बाकीचा मजकूर कार्डवाल्याचाच. एके काळी मैद्याच्या जाहिरातीलाही पाव तास घेणारा माणूस तू. तिकडच्या थंडीत शाई गोठते की काय?

आता कामाचं. आपलं रेडिओ स्टेशन विकलं. म्हातारा लेडबेटर गेल्यावर त्याच्या मुलाला ते नकोच होतं. मोंटगोमेरीचा एक गुळगुळीत दाढी केलेला माणूस आला, त्याने खोल्या बघितल्या, मनोरा बघितला आणि मला विचारलं, "बाई, तुम्ही इथे नेमकं काय करता?" मी म्हटलं, "सकाळी गावातल्या आजाऱ्यांची नावं वाचते." तो हसला. त्याच्याकडे एक यंत्र आहे. टेपवर गाणी लागतात आणि दोन गाण्यांच्या मध्ये बोलतंही यंत्रच. एप्रिलचा शेवटचा रविवार हा आपला शेवटचा दिवस.

तोवर दर रविवारी चर्च सुटल्यावर मला अर्धा तास मिळाला आहे. रेडिओच्या काट्यावरचं आपलं तेराशे साठ कसं सुरू झालं, कुणी चालवलं, कशातून गेलं, ते सगळं मी सांगणार आहे. कागद एकही शिल्लक नाही. जे आहे ते तुझ्या आणि माझ्या डोक्यात. पहिल्या दिवसाचं फक्त तुझ्या. तेव्हा एका रविवारी फोन कर. आता फोनवरचा आवाज थेट हवेवर सोडता येतो. मी नाताळात तुला फोन केला होता, तर तुझी घरमालकीण म्हणाली, झोपलाय. भर दुपारी? म्हातारा झालास.

तब्येतीचंही लिही. आजाऱ्यांच्या नावांत तुझं नाव मी अजून रोज सकाळी वाचते. लोक विचारतात, आणि मला काही सांगता येत नाही.

तुझी ताई,
व्हर्डेल


मिलवॉकी
२० फेब्रुवारी १९७८

प्रिय व्हर्डेलताई,

माझं नाव अजून वाचतेस? त्या दिवसापासून? मला वाटलं होतं आठवडाभर वाचलं असशील. काढून टाक. मी ठणठणीत आहे. घोड्यासारखा खातो आणि कारखान्यात अजून कातडी उचलतो.

फोनचं जमणार नाही. फोन जिन्याखाली आहे, सगळ्या भाडेकरूंचा एकच, आणि माझ्या पाळ्या सारख्या बदलतात. पहिला दिवस लिहूनच पाठवतो. तू वाच.

लेडबेटरने स्टेशन काढलं ते सोफे विकायला. दुकानामागच्या गोदामात भिंतींना गाद्या टेकवून ठेवल्या होत्या, आवाज घुमू नये म्हणून. गिऱ्हाईक आलं की त्यातलीच एक काढून द्यायचे आणि मग दिवसभर आवाज घुमायचा. गोरे लोक मोंटगोमेरीचं मोठं स्टेशन ऐकायचे. लेडबेटरचं त्याची बायकोसुद्धा ऐकत नव्हती. मी त्याच्या ट्रकवर हमाल होतो. गल्लीत ट्रक वळवताना, "बाजूला व्हा, सोफा येतोय" असं मी ओरडायचो ते नदीपलीकडे ऐकू जायचं.

एके सकाळी बोलणारा माणूस पिऊन पडला. मी गादी घेऊन दारावरून चाललो होतो. लेडबेटर म्हणाला, "लाँझो, ट्रकवर ओरडतोस तेच इथे ओरड." मी गादी खाली ठेवली आणि मैद्याची जाहिरात वाचली. ती संपली तरी तो हातानेच सांगत होता, चालू ठेव, चालू ठेव. मला काय बोलावं सुचेना. मग आठवलं, त्याच आठवड्यात मी चर्चच्या नात्यातल्या सिस्टर लुवेनिया ओट्सकडे पलंग पोचवला होता. तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं आणि घरात ती एकटी. मी म्हटलं, पाइन स्ट्रीटवर सिस्टर लुवेनिया पडून आहे, कुणीतरी ताट घेऊन जा. मग ज्यांना-ज्यांना मी पलंग पोचवले होते त्यांची नावं घेत गेलो. कोण किती आजारी ते पलंग पोचवणाऱ्यालाच ठाऊक असतं.

संध्याकाळी मी लुवेनियाकडे गेलो तर ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती, इतकी ताटं. ती म्हणाली, "लाँझो, आता पुरे म्हणून सांग. मी हाडाने नाही, डुकराच्या मटणाने मरेन." दुसऱ्या दिवशी लेडबेटरकडे आपल्या काळ्या वस्तीतल्या लोकांनी रेडिओ घ्यायला गर्दी केली आणि त्याला अक्कल आली. महिन्याभरात सगळा दिवस आपला झाला. दिवस म्हणजे दिवसच. रात्रीची हवा मोठ्या स्टेशनांची, सूर्य बुडाला की आपलं तोंड बंद.

एवढं पुरे. लोकांना माझा नमस्कार सांग.

लाँझो


डनबार बेंड
१३ मार्च १९७८

प्रिय लाँझो,

तुझं पत्र हवेवर वाचलं. पलंगांचं आलं तेव्हा आपल्या स्टेशनवर गाणी लावायला यंत्रावर बसतो तो माणूसही हसला. लुवेनियाची मुलगी स्टेशनवर येऊन रडून गेली. पण तुझं सगळं ऐकणारी मॉडीन कार्व्हर काय म्हणाली माहीत आहे? "व्हर्डेल, तू छान वाचतेस, पण तू वाचलंस की मला व्हर्डेल ऐकू येते. आम्हाला लाँझो हवा." सगळ्यांचं तेच. नाभिकाच्या दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर, सगळीकडे एकच प्रश्न, लाँझो कधी बोलणार?

तू सांगितलंस म्हणून तुझं नाव काढलं. खरं सांगू? जड गेलं. सोमवारी मॉझेल फ्रेझियरनंतर तुझं नाव यायचं तिथे मी थांबले, आणि सरळ पुढच्या नावावर, हायरम पेटीवर, गेले. 'बरे झाले' असं काही म्हटलं नाही. कशातून बरा झालास हे मला तरी कुठे ठाऊक आहे?

कालच्या रविवारी पासष्ट सालचं, आपण मतदानाच्या हक्कासाठी मोर्चे काढले तेव्हाचं, सांगितलं. काय सांगितलं ते लिहिते, चुकलं असेल तर कळव. मी म्हटलं, मोर्च्याचा 'म' जरी हवेवर ऐकू आला तर स्टेशन बंद करीन, असं लेडबेटरने दरडावलं होतं. पोरं पकडली जात होती आणि कोण कुठे आहे हे आयांना कळत नव्हतं. तेव्हा लाँझोने ती नावं आजाऱ्यांच्या नावांत घातली. "ब्रदर क्लेटन हब्बर्ड, मुक्काम वॉटर स्ट्रीट." वॉटर स्ट्रीटवर तुरुंगाशिवाय दुसरं काहीच नाही. आदल्या दिवशी गाडीवर पोती चढवणारा गडी एका रात्रीत आजारी पडला, तर गावाला काय ते कळायचं. वर लाँझो सांगायचा, ताट घेऊन जा. आणि बायका ताटं घेऊन तुरुंगाच्या दारात रांग लावायच्या. शेरीफ चक्रावला होता, म्हणे ह्यांना कळतं कसं. लेडबेटर ऐकत होता आणि त्यालाही कळत होतं, असं मला आता वाटतं. पण आजाऱ्यांच्या नावांना हात लावायची त्याचीही छाती नव्हती.

मग ज्या दुपारी मी तुझा डबा घेऊन आले आणि शेरीफच्या माणसांना तुला दारातूनच ओढून नेताना पाहिलं, ते सांगितलं. गाणं संपत आलं होतं. यंत्रावरच्या माणसाने माझ्याकडे बघितलं आणि माइक माझ्याकडे वळवला. मी जन्मात कधी चर्चमध्येही उभी राहून बोलले नव्हते. मी एवढंच म्हटलं, "ब्रदर लाँझो गॅडिस, मुक्काम वॉटर स्ट्रीट." डबा माझ्या मांडीवर तसाच होता. दोन दिवसांनी तू सुटलास आणि त्याच रात्री चर्चच्या डीकन मंडळींनी तुला उत्तरेच्या बसमध्ये बसवलं, कारण परत धरलं असतं तर जिवंत सोडलं नसतं. तुझं नाव मी काढावं असं कुणी सांगितलं नाही. तुझी बायको, माझी बहीण आयनेझ, तर आधीच वारलेली. तुझं म्हणून गावात मीच उरले होते, आणि मीही तुला निरोप द्यायला आले नाही, कारण मला कळलंच नाही.

शेवटच्या रविवारी तू बोलायचंस, लाँझो. नाही म्हणू नकोस. पाच मिनिटं. घरमालकिणीला मी पत्र लिहू का?

व्हर्डेल


मिलवॉकी
२२ मार्च १९७८

प्रिय ताई,

घरमालकिणीला पत्र लिहू नकोस. पासष्टचं तू बरोबर सांगितलंस.

मी बोलणार नाही. माझा आवाज लोकांच्या कानात जसा आहे तसा राहू दे. गप्प बसणाऱ्याला बसू द्यावं.

लाँझो


डनबार बेंड
३ एप्रिल १९७८

लाँझो,

तू गप्प बसलास आणि गावाने तुला मारून टाकलं. शब्दशः.

चूक माझी आहे, पण अर्धी तुझी. आजाऱ्यांतलं नाव दोनच प्रकारे निघतं हे तूच लोकांना शिकवलंस. एक तर 'देवाच्या कृपेने बरे झाले' असं हवेवर सांगतात, नाहीतर टॉलिव्हर अंत्यविधीवाल्यांचं ऑर्गन वाजतं आणि गेल्याची बातमी येते. तुझं नाव काही न सांगता गेलं. लोकांनी दोन-तीन आठवडे वाट पाहिली. व्हर्डेलच्या तोंडून ते निघत नाहीये, असं त्यांनी आपापसात ठरवलं. बुधवारी मी दार उघडलं तर मॉडीन, हातात दुःखाच्या घरी नेतात तशी भाजलेली हॅम. पाठोपाठ तीन केक. मी म्हटलं, "अगं, तो जिवंत आहे, बावीस तारखेचं त्याचं पत्र आहे माझ्याकडे." मॉडीनने माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "हो गं, हो. बस जरा."

कुणालाच खरं वाटत नाही. त्यांचंही बरोबर आहे. लाँझो गॅडिस जिवंत आहे आणि बोलायला मागत नाही, यावर कोण विश्वास ठेवेल? रेव्हरंड ब्लेलॉकनी तेवीस तारखेला तुझी प्रार्थनासभा ठरवली. टॉलिव्हर फुलं फुकट देणार आहे. हायरम पेटी स्वतः अंथरुणाला खिळलेला, त्याने नातवाकडून कोट इस्त्रीला पाठवला.

आता माझं ऐक. तू कशाचा राग धरून बसला आहेस ते मला कळतं. त्या रात्री गावाने तुला चोरासारखं बसमध्ये कोंबलं आणि पुन्हा 'ये' म्हणून कुणी लिहिलं नाही. मीही नाही. मी तुझ्याच खुर्चीवर बसले आणि तुझ्याच माइकवर म्हातारी झाले. राग माझ्यावर असेल तर तो मला काढ. पण पाच शब्द बोल. 'मी लाँझो, मी जिवंत आहे.' उचलली जीभ लावली टाळ्याला, हा तुझा जन्माचा धंदा. आत्ताच काय घोडं अडलं?

व्हर्डेल


मिलवॉकी
१० एप्रिल १९७८

प्रिय ताई,

राग नाही. कधीच नव्हता. ती रात्र चोरासारखी नव्हती, ती माणसं स्वतःचा जीव धोक्यात घालून मला पोचवायला आली होती.

जीभ आहे. टाळूही आहे. आवाज नाही.

दोन वर्षांपूर्वी घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. मानेत एक भोक आहे, त्यातून मी श्वास घेतो. वर रुमाल बांधतो. काही लोकांना ढेकर देऊन बोलायला शिकवतात, मीही दवाखान्यात जाऊन शिकलो. एक शब्द निघाला. तो ऐकून मी पुन्हा गेलो नाही. कारखाना तेव्हाच सुटला. मी तुला कातडी उचलतो म्हणून लिहिलं ते खोटं होतं. नाताळात तू फोन केलास तेव्हा मी झोपलो नव्हतो. फोनच्या शेजारी उभा होतो. घरमालकिणीला मीच हातांनी खूण केली.

इथलं लिहितो म्हणजे तुला कळेल. सकाळी उठतो. कोपऱ्यावर पाव घेतो, बोट दाखवून. धोब्याकडे चिठ्ठी देतो, कपडे घेतो. संध्याकाळी खिडकीत बसतो. माझ्या मजल्यावरच्या माणसांना वाटतं मी घुम्या आहे. एके काळी एका गल्लीतून जाताना मला प्रत्येक ओसरीवरून हाक यायची. इथे दोन वर्षांत कुणी माझं नाव घेतलेलं नाही, टपालवाला सोडून. फार एकटं वाटतं, ताई. हे मी आजवर कुणाला लिहिलेलं नाही.

म्हणून एक मागतो. लोकांना जे वाटतंय ते तसंच राहू दे. रेव्हरंडना सभा घेऊ दे. गावात माझी म्हणून तूच आहेस, तुझ्या तोंडून निघालं की झालं. टॉलिव्हरचं ऑर्गन लाव आणि वाच. मेलेल्या माणसाला कुणी बोल म्हणत नाही. त्यांच्या कानात मी ट्रकवरचा लाँझो राहीन. भोक पडलेला मुका म्हातारा त्यांना कशाला?

हॅम चांगली होती का?

लाँझो


डनबार बेंड
२४ एप्रिल १९७८

प्रिय लाँझो,

तुझं पत्र आलं तेव्हा मी स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचलं. मग खुर्ची ओढून बसले आणि पुन्हा वाचलं. मी तुला जिभेवरून जे बोलले ते आठवून मला तोंड लपवावंसं वाटलं. क्षमा कर.

दहा दिवस मी विचार केला. तुझं ऐकावं असंही एकदा वाटलं. माणसाने मागितलेलं एवढं तरी द्यावं. पण लाँझो, त्या माइकवर मी लेडबेटरला फसवलं, शेरीफला फसवलं, आपल्या माणसांना कधी नाही फसवलं. आणि तू मेलास असं मी वाचलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून तू माझ्यासाठीही मेला असतास. मी कुणाला पत्र लिहिणार होते? माझ्याकडे तरी दुसरं कोण आहे?

काल तेवीस तारीख. सभेसाठी चर्च भरलं होतं. फुलं होती, कोट घातलेला हायरम खुर्चीवरून आणला होता. मी चर्चला गेले नाही, स्टेशनवर गेले. रेव्हरंडना सांगून ठेवलं होतं, सभेआधी रेडिओ लावा. मी माइक उघडला आणि म्हटलं:

"ब्रदर लाँझो गॅडिस जिवंत आहे. त्याचं नाव मी काढलं ती माझी चूक. त्याच्या घशाचं ऑपरेशन झालंय, त्याला बोलता येत नाही, आता कधीच येणार नाही. म्हणून त्याने फोन केला नाही. तो एकटा राहतो. मुक्काम नॉर्थ टीटॉनिया अव्हेन्यू, मिलवॉकी." आणि घराचा नंबर दोनदा सांगितला. मग म्हटलं, "काय करायचं ते तुम्हाला माहीत आहे."

यंत्रावरच्या माणसाने लगेच गाणं लावलं नाही. मीही त्याला खूण केली नाही. रेडिओवर शांतता चालत नाही, हे तूच मला शिकवलंस. काल चालली.

तू माझ्यावर चिडशील. तू झाकलेलं मी चव्हाट्यावर मांडलं. चिडलास तरी तसं लिही.

व्हर्डेल


डनबार बेंड
८ मे १९७८

प्रिय लाँझो,

तुझं उत्तर नाही. समजले.

तरी लिहिते, कारण सुरुवातीचं तू लिहिलंस, शेवटचं कुणीतरी लिहायला हवं. शेवटच्या रविवारी सूर्य बुडायच्या आधी मी सगळी नावं वाचली. चालू आजाऱ्यांची आणि जी आठवतील ती जुनीही. लुवेनियापासून. तुझंही. मग यंत्रावरच्या माणसाने एक बटण दाबलं, आणि नेहमी व्हायचं तेच झालं, रेडिओवर नुसती खरखर. फक्त सकाळी आपण परत सुरू होणार नव्हतो. गोदामात गाद्या टेकवल्याच्या खुणा अजून भिंतीवर आहेत.

सोमवारी सवयीने पहाटे उठले, कपडे केले, टोपी घातली, आणि दारात आल्यावर आठवलं. टोपी काढून ठेवली. रेडिओ लावला. यंत्र चालू होतं. गाणी चांगली आहेत, खोटं कशाला बोलू? पण त्या यंत्राच्या गावात कुणीच आजारी नाही.

मग मी कॉफी घेऊन टेबलाशी बसले आणि नावं मोठ्याने वाचायला लागले. तिसऱ्या नावाला माझंच मला हसू आलं, आणि चौथं घेता आलं नाही. मॉझेल फ्रेझियर शुक्रवारी गेली. मला ते आज किराणा दुकानात कळलं, मिठाचा पुडा हातात असताना. तीन दिवस ती गेलेली होती आणि मी तिला बरं वाटू दे म्हणत होते. लोक भेटतात, मान हलवतात, पण आता माझ्याकडे कुणाला काही सांगायचं नसतं. घर फार मोठं वाटतं, लाँझो. सकाळचे तास जात नाहीत.

तू बरा असशील एवढंच मागते.

व्हर्डेल


मिलवॉकी
१९ मे १९७८

प्रिय ताई,

चिडलो होतो. खूप. तुझं पत्र वाचून मी ते खिडकीतून फेकणार होतो, पण त्याआधीच दार वाजलं.

दारात धोब्याकडची बाई उभी. जिच्याकडे मी इतके दिवस मुकाट्याने चिठ्ठी देऊन कपडे घेतो, तीच. हातात झाकलेलं ताट. म्हणाली, "तुम्ही लाँझो गॅडिस? मी क्लेटन हब्बर्डची धाकटी बहीण. काल रात्री आईचा डनबार बेंडहून फोन आला. मला म्हणाली, तुझ्या गल्लीत तो मरतोय आणि तू त्याचे सदरे धुतेस?" तिने माझे सदरे कित्येकदा घडी केले असतील, ताई. चिठ्ठीवर नुसता नंबर असायचा.

दुसऱ्या दिवशी दोघं आले. रविवारी तर जिन्यात रांग लागली. आपल्या गावची निम्मी माणसं इथे आहेत म्हणायला हरकत नाही, मलाच ठाऊक नव्हतं. आपापल्या आयांनी, मावश्यांनी फोन करून पळवलेली. घरमालकीण म्हणते, मिस्टर गॅडिस, तुम्ही मंत्री-बिंत्री होता का? पहिल्यांदा मी रुमाल घट्ट बांधून, भिंतीकडे तोंड करून बसायचो. त्यांनाही काय बोलावं कळायचं नाही. मग क्लेटनच्या बहिणीने एकदम सांगायला सुरुवात केली, क्लेटन तुरुंगात होता तेव्हा तुम्ही नाव घेतलंत, आणि आई चुलीपुढे मटकन बसली ती कशी. मग दुसऱ्याने त्याचं सांगितलं. प्रत्येकाकडे एक गोष्ट आहे. इतकी वर्षं मी बोललो आणि ते ऐकत होते. मला कधी कुणी काही सांगितलंच नव्हतं. बोलणाऱ्याचा कोंडा विकतो आणि न बोलणाऱ्याचे गहूही विकत नाहीत म्हणतात. माझे गहू आता घरी येऊन नेतात.

रुमाल आता बांधतो, पण सैल.

हे सगळं चार दिवसांत लिहायला हवं होतं. लिहिलं नाही, कारण तुला थोडं झुरू द्यावं असं मनात होतं. मग तुझं आठ तारखेचं पत्र आलं. टोपीचं वाचलं. मॉझेलचं वाचलं. तू मला माणसं दिलीस आणि तिकडे तूच एकटी टेबलाशी बसलीस.

घरमालकिणीला मी कागदावर लिहून विचारलं. ती हो म्हणाली. उद्यापासून सकाळी जिन्याखालच्या फोनपाशी खुर्ची टाकून मी बसणार. नावं वाचायच्या वेळेला फोन कर. चौकशी करून ठेव, कोण आजारी, कोण उठलं, कोण गेलं, आणि माइकवर वाचायचीस तशीच वाच, घाई करू नकोस. इथे संध्याकाळी येणाऱ्यांना मी ते लिहून दाखवीन, त्यांनाही गावाकडचं कळायला हवं.

फोन मीच उचलीन. पलीकडून काहीच ऐकू आलं नाही, तर ठेवून देऊ नकोस, ताई. तो मी आहे.

तुझा,
लाँझो